परक्या पात्याची कट्यार



2025 सालच्या ऑगस्ट महिन्यात नागपूरकर भोसल्यांची एक तलवार लंडनहून मुंबईत आली. त्याआधी 29 एप्रिलला ती सदबीजच्या लिलावात निघाली होती. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून 47 लाख 15 हजार रुपयांना ती मिळवली. पाते सरळ आणि एकधारी. मुठीवर सोन्याचे काम. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघोजी भोसल्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ ही छत्रपती शाहूंनी दिलेली पदवी कोरलेली, आणि त्याच ओळीत आणखी एक शब्द: ‘फिरंग’. तलवारीचे पाते युरोपात घडलेले आहे, हे तलवारीवरच लिहून ठेवलेले आहे.

बातम्यांत अभिमान होता आणि तो योग्यच होता. पण चहाच्या टपरीवर आणि फोनवरच्या गटांत एक कुजबूजही चालू होती. पाते परदेशी, मग तलवार मराठ्यांची कशी? एवढे पैसे मोजून आपण गोऱ्यांचेच लोखंड घरी आणले की काय? या प्रश्नाला कोणी मोठ्याने उत्तर दिलेले माझ्या ऐकण्यात नाही. आजचा तासभर मी तेवढ्यासाठीच मागून घेतला आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्गात असा प्रश्न दडपू दिला नसता.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कंटाळलेल्यांना लवकर उठता येईल. आपल्याकडची जुनी हत्यारे बहुधा एकदाच घडलेली नसतात. पाते एका देशात तयार होते, मूठ दुसऱ्या गावी बसते. पाते मोडले तर त्याची कट्यार होते, कट्यार झिजली तर सुरी. त्यातले कुठलेही रूप खोटे नसते. ज्या हाताने त्या लोखंडाला पुन्हा कामाला लावले, त्या हाताचे ते हत्यार.

हे भिवंडीत बोलताना मला फार प्रस्तावना लागत नाही. कामवारीच्या काठचे हे बंदर 1657 मध्ये कल्याणबरोबर स्वराज्यात आले. दोनच वर्षांनी, 1659 मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लिस्बनला कळवले की आदिलशहाचा एक सरदार वसई प्रांताच्या हद्दीला लागून असलेल्या भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ गलबते बांधतो आहे. तो सरदार म्हणजे शिवाजी महाराज. त्या गलबतांच्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. रुई लैतांव व्हियेगस हे त्यांच्या प्रमुखाचे नाव. म्हणजे फिरंगी कसब आणि मराठी मालक ही जोडी या खाडीत साडेतीन शतकांपूर्वीच जुळलेली होती. पोर्तुगिजांना ती खुपली, आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. पण गलबते थांबली नाहीत.

गलबतांचे जे झाले तेच पात्यांचे. ख्रिस्ती नसलेल्यांना हत्यारे विकू नयेत असा पोपचा दंडक होता आणि पोर्तुगीज राजा तो मान्यही करत असे. पण वसई, चौल आणि गोवा इथे जे व्यापारी दोन पैसे मिळवायला सातासमुद्रापार आले होते, त्यांच्या दृष्टीने दंडक आणि व्यवहार या वेगळ्या गोष्टी होत्या. पाती चोरून आली, भेट म्हणून आली, लुटीत आली आणि पुढे इंग्रज, डच, डेन यांच्या जहाजांतून राजरोस आली. जहाजातून येताना ती बहुधा उघडीच असत, मुठीवाचून. मूठ इथे बसायची.

लोखंडाची वानवा नसलेल्या या देशात परके पाते हवे कशाला? दक्षिणेत तर असे पोलाद होत होते की इराणी व्यापारी तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या खेड्यापर्यंत ते न्यायला येत. मातीच्या मुशीत लोखंड आणि वनस्पतींचा कार्बन बंद करून वितळवायचे आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायचे. हाती येई तो पोलादाचा लहानसा गोळा. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे, तिला जौहर म्हणत. जगभर ज्याला दमास्कसचे पोलाद म्हणून डोक्यावर घेतले गेले, त्याचा मोठा भाग आपल्याच दक्षिणेच्या भट्ट्यांतून गेलेला.

त्या पोलादाची एक अडचण होती. त्यात कार्बन भरपूर, साधारण दीड टक्का. धार अप्रतिम लागते, पण लांब पाते वाकवले तर ते परत सरळ होण्याऐवजी मोडू शकते. जहांगिराच्या काळात इंग्रज वकील टॉमस रो याच्या पदरी एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याने नोंदवले आहे की इथल्या तलवारी धारदार असतात पण वाकण्याऐवजी तुटतात, म्हणून वाकून पुन्हा सरळ होणारी आमची पाती इथे चढ्या भावाने खपतात. पाद्री आपल्याच मालाची जाहिरात करतो आहे असे समजून थोडे वजा करा. तरी मुद्दा उरतो. जर्मनीतल्या झोलिंगेन आणि पासाऊला, स्पेनमधल्या टोलेडोला, उत्तर इटलीत, पात्याला स्प्रिंगसारखे पाणी देण्याची कला पिढ्यानपिढ्या मुरलेली होती.

आता दांडपट्टा डोळ्यांसमोर आणा. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्याला राज्यशस्त्र ठरवले, तोच. कोपरापर्यंत चढणारा लोखंडी खोबळा, आत आडवी पकड, आणि पुढे लांबलचक, सरळ, लवचिक पाते. पट्टा फिरवणारा मनगटाने वार करत नाही, सगळे अंग फिरवतो. असल्या कामात ताठर पाते ढालीवर आपटले की तुकडा पडणार. म्हणून जुन्या पट्ट्यांच्या पात्यांत युरोपातून आलेली पाती पुष्कळ सापडतात. ज्या शस्त्राला आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, त्याची पकड, त्याचा पवित्रा, त्याचा खेळ सगळे इथले. पाते अनेकदा झोलिंगेनचे. मला यात काही कमीपणा दिसत नाही. उलट ज्याने ते पाते निवडले त्याला पोलाद कळत होते, असे दिसते.

पाते निवडले, आता मूठ. इथे जरा कारागिराच्या शेजारी बसून पाहावे लागेल.

युरोपातल्या तलवारीच्या पात्याला मागे लांब शेपूट असते. ते मुठीतून आरपार काढून टोकाला ठोकून बसवतात. ती मूठ काढायची तर ते ठोकलेले टोक कापावे लागते. आपल्या नेहमीच्या तलवारीचे तसे नाही. पात्याचे शेपूट आखूड, लोखंडी मूठ पोकळ. मुठीत राळ किंवा लाख वितळवून भरायची, पात्याचे शेपूट त्यात खुपसायचे आणि निवू द्यायचे. मूठ तापवली की राळ पातळ होते आणि पाते हातात येते. शिकलगाराच्या दुकानात हे काम सहज उरकत असे. म्हणून आपल्याकडे पाते आणि मूठ यांचा संसार कधीच जन्माचा नव्हता. बापाची मूठ आणि मुलाचे पाते, लुटीतले पाते आणि घरची मूठ, हे रोजचे.

फिरंगी पात्याला मात्र राळ पुरत नसे, कारण पाते लांब आणि वारात हिसका मोठा. मग कारागीर त्याचे लांब शेपूट छाटून टाकायचा आणि मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये पाते धरून आरपार खिळे ठोकायचा. काही तलवारींत पाठीच्या बाजूने कातरलेल्या काठाची एक लांब पट्टी चढवून पात्याला आधार दिलेला असतो. मुठीच्या वर एक लांब काटा ठेवायचे, म्हणजे वेळ पडल्यास दुसरा हात तिथे धरून दुहाती वार करता येतो. बोटांवर रुंद परज. खिळे, पट्टी, परज आणि काटा यांनी मिळून ती मराठ्यांची फिरंग होते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर काचेला नाक लावून ते खिळे पाहा. माणसे मुठीवरचे सोने पाहतात आणि पुढे जातात.

यापुढचा जन्म मला सर्वांत आवडतो, म्हणून थोडा रेंगाळतो.

कितीही चांगले पाते अखेरीस तुटते. लढाईत, हत्तीच्या चिलखतावर, कधी नुसत्या गंजाने. तुटलेल्या फिरंगी पात्याचे करायचे काय? फेकायचे कोणी मनात आणत नसे. त्याचा वीतदीड वीत तुकडा कापून कट्यार केली जाई. कट्यार म्हटले की आजच्या मराठी माणसाला दारव्हेकरांचे नाटक आठवते, नाहीतर लग्नात नवरदेवाच्या हातातली, टोकाला लिंबू खोचलेली, मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेली. खरी कट्यार हे जवळून भोसकण्याचे हत्यार. दोन समांतर दांडे, मध्ये आडवी पकड, मूठ वळली की पाते सरळ पुढे. ठोसा मारावा तसा वार.

मुळात कट्यारीसाठीच घडवलेले पाते बुंध्याला रुंद असते, निमुळते होत जाते आणि टोकाला मुद्दाम जाड ठेवलेले असते, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. तलवारीतून कापलेल्या पात्याला ते जाड टोक नसते. बुंध्यापासून टोकापर्यंत जाडी जवळजवळ सारखीच. शिवाय तलवारीच्या पात्यावर वजन कमी करण्यासाठी लांब पन्हळी काढलेल्या असतात. कट्यारीवर त्या पन्हळी हळूहळू विरत नाहीत, टोकाशी येऊन मध्येच कापल्यासारख्या संपतात. कधी त्या पन्हळीत लॅटिन अक्षरांचा एखादा तुकडा उरलेला असतो, आधीची आणि नंतरची अक्षरे नाहीशी. असे काही दिसले की समजावे, हे पाते पूर्वी तलवार होते.

या कट्यारींचे माहेर म्हणजे दक्षिण, आणि त्यातही तंजावर. विजयनगरच्या आणि नायकांच्या काळापासून तिथे हाताच्या पाठीवर लोखंडी टोप असलेल्या कट्यारी होत. 1670च्या दशकात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरचे राजे झाले आणि नायकांचे ते शस्त्रागार भोसल्यांकडे आले. पुढे पावणेदोनशे वर्षे ते मराठ्यांकडे राहिले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयापासून मद्रासच्या सरकारी संग्रहालयापर्यंत आज ज्या उत्कृष्ट कट्यारी दिसतात, त्यांतल्या कितीतरी याच खजिन्यातल्या, आणि त्यांत फिरंगी पाती ठायीठायी. युरोपातली तलवार, तमिळ मुलखातली मूठ, मराठी राजाचे शस्त्रागार. एका पात्यात एवढे सगळे.

त्या शस्त्रागाराचा शेवट सांगताना मात्र मन कडू होते. 1855 मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी औरस पुत्राविना वारले, कंपनीने राज्य खालसा केले, आणि शस्त्रांचा ढीग सरकारच्या हाती पडला. एम. जे. वॉलहाऊस नावाच्या अधिकाऱ्याने पुढे 1878 मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्या ढिगाविषयी लिहिले. नजरेत भरलेल्या वस्तू निवडून संग्रहालयात गेल्या, उरलेल्या मोडून लोखंडाच्या भावाने गेल्या. ज्या पात्यांनी तीन-तीन जन्म काढले होते, त्यांना सरकारी कारकुनाने किलोत, नव्हे रत्तलात मोजले.

जौहरदार पोलादाच्या तलवारीचे रूपांतर करायला आणखी वेगळे शहाणपण लागे. लोहार म्हटला की भट्टी आणि घण आलेच. पण हे पोलाद जास्त तापवले की त्यातली लाट पुसली जाते आणि धारही बिघडते. म्हणून जाणता कारागीर मोडलेली जौहरदार तलवार भट्टीत घालायचाच नाही. ती थंडच कापायचा, दगडावर घासून नवा आकार द्यायचा आणि शेवटी हिराकशीचे पाणी फिरवून नक्षी पुन्हा वर काढायचा. त्यातून पेशकब्ज, खंजीर, बिचवा, सुरी असे काहीही निघे. या पद्धतीत वस्तू लहान होत जाते, पण पोलादाचा जीव राहतो. जुन्या खंजिरावर लाटा पात्याच्या आकाराशी जुळवून न घेता तिरप्या धावताना दिसल्या, तर तो मोठ्या पात्यातून कोरून काढला असण्याचा संशय घ्यायला हरकत नाही. छातीठोक सांगायला मात्र तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञही अनेकदा भांडतात.

भांडणांचा खरा आखाडा म्हणजे पात्यावरचे ठसे. पासाऊ आणि झोलिंगेनचा धावता लांडगा. जेनोव्हाकडचे दातेरी चंद्रकोरीचे जोडठसे. ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन कारागिराचे नाव. हे नाव ज्या पात्यांवर दिसते त्यांतली बहुसंख्य जर्मनीत झालेली. झोलिंगेनच्या लोकांना स्वतःच्या नावापेक्षा इटलीचे आणि टोलेडोचे नाव विकणे फायद्याचे वाटे. आणि आपले कारागीर मागे राहतील कशाला? त्यांनी त्या चंद्रकोरींचे ठसे करून इथेच घडलेल्या पात्यांवर मारले. जर्मन माणूस इटालियन होऊ पाहतो, देशी पाते जर्मन होऊ पाहते. ठशावर भिस्त ठेवून ‘अस्सल’ ठरवणाऱ्यांची मला कीव येते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या राजसंग्रहात आहे. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून त्याला एक तलवार भेट गेली. तिचे नाव जगदंबा. तिच्या युरोपी पात्यावर ‘आयएचएस’ हा येशूच्या नावाचा ख्रिस्ती ठसा आहे. ज्याने तो ठसा मारला त्याला वाटले असेल की हे पाते त्याच्या देवाच्या रक्षणाखाली आहे. कोल्हापुरात त्याच पात्याला आई जगदंबेचे नाव मिळाले आणि दसऱ्याला त्याच्यावर फुले पडली. कोणी तो ठसा घासून काढला नाही. आमच्या पूर्वजांच्या या बेफिकिरीवर मी खूश आहे. भवानी तलवारीविषयीही परंपरा हेच सांगते की ती फिरंग होती आणि शिवाजी महाराजांनी ती कोकणातल्या सावंतांकडून 300 होन देऊन घेतली. बखरकारांना यात लाज वाटली नाही. ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याला वाटू लागली, जेव्हा तलवारी हातातून गेल्या आणि फक्त अभिमान उरला.

तलवारी कशा गेल्या तेही थोडक्यात सांगायला हवे. 1857 नंतर दक्षिण मराठा मुलखात निःशस्त्रीकरणाचा वरवंटा फिरला. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी 1858 मध्ये जे बंड केले त्याच्या कारणांत हत्यारे काढून घेण्याचा हुकूमही होता. मग 1878 चा हत्यारबंदीचा कायदा आला. परवाना नसलेली तलवार घरात ठेवणे जोखमीचे झाले. ती एक तर विहिरीत गेली, नाहीतर देव्हाऱ्यात शेंदूर फासून देव झाली, नाहीतर घिसाड्याच्या भात्यापुढे बसून कोयता, विळा, खुरपे झाली. हाही एक जन्मच. संग्रहालये त्या कोयत्यांची नोंद करत नाहीत, कारण कोयत्याला कोणी काचेत ठेवत नाही. घिसाडी आजही तेच करतात, फक्त तलवारीच्या जागी ट्रकचे मोडके कमानपाटे आले आहेत.

आणि हे तुमच्या शहराला नवीन आहे थोडेच? भिवंडीत यंत्रमाग आले ते बरेचसे मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले. भंगार म्हणून विकत घेतलेला माग इथल्या मिस्त्रीने खोलला, सुटे भाग बदलले, पुन्हा उभा केला आणि त्यावर नवे कापड विणले. इंग्लंडमध्ये ओतलेल्या त्या मागाला भिवंडीचा माग म्हणायला कोणी कचरत नाही. मग रघोजींच्या तलवारीबाबत कचरायचे कारण काय?

आता जरा अप्रिय बोलतो. जुन्या पात्यांचे रूपांतर आजही चालू आहे, आणि ते मला मान्य नाही. पूर्वीचा कारागीर मोडलेल्या पात्याला कामाला लावत होता. आजचा विक्रेता धडधाकट वस्तूला गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे बदलतो. साधी देशी मूठ काढून तिच्या जागी नक्षीदार मूठ, गंजलेल्या पट्ट्याचे पाते कापून त्याची गुप्ती, आणि कोऱ्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने एखाद्या सरदाराचे नाव. नाव जितके मोठे तितका भाव. एकदा पाते बफवर घासले की त्यावरचा काळ कायमचा गेला. ठसा, हिराकशीची नक्षी, जुन्या कानशीच्या खुणा, सगळे. असल्या तलवारीला मी नकली म्हणेन, मग तिचे पाते तीनशे वर्षांचे असले तरी. दोन्ही वेळा पाते कापलेच जाते हे खरे. पण तंजावरच्या कारागिराने आपले काम लपवले नाही, त्याचे खिळे आजही उघडे दिसतात. हा लपवतो.

संग्रहालयांनाही एक सांगणे आहे. ‘मराठा तलवार, अठरावे शतक’ एवढ्या चिठ्ठीवर भागवू नका. पाते कुठले, मूठ कुठली, केव्हा जुळली, काय कापले गेले, हे चार ओळींत लिहा. शाळेतल्या पोरांना ते समजते. भूगोल आणि इतिहास एका वस्तूत दिसला तर ती अर्धा तास जागची हलत नाहीत.

शेवटी तुमच्या घरांकडे येतो. भिवंडी, वाडा, शहापूर, कल्याण या पट्ट्यात जुन्या वतनदारांची, पाटलांची घरे आहेत. वज्रेश्वरीच्या परिसरात चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या कथा अजून सांगितल्या जातात. कोणाच्या तरी माळ्यावर किंवा देव्हाऱ्यात एखादे पाते नक्की असेल. येत्या खंडेनवमीला त्याची पूजा जरूर करा, पण आदल्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसू नका. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन हलणारी मूठ पक्की करू नका. ती हलते म्हणजे आतली राळ जुनी आहे, आणि ती राळही पुरावा आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ठसा असेल तर त्याचा जवळून काढा. ती घरात कशी आली याविषयी आजी-आजोबा जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा, अतिशयोक्तीसकट. विकायचा मोह झाला तर एवढे ध्यानात ठेवा की 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि तिच्याविषयी खरे जाणून घ्यायचे असेल, तर विक्रेत्याला दाखवण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला एक पत्र लिहा.